श्रद्धेनं माणूस सुखी होतो का? बेळगावच्या दवाखान्यातून एक उत्तर

प्रश्न असा आला आहे: "आमचं गाव खानापूर तालुक्यात. अप्पा जाऊन चौदा महिने झाले. ते भजनी मंडळात टाळकरी होते, त्यांचे टाळ अजून खुंटीला तसेच आहेत. आईची पहाटेची पूजा, संध्याकाळचा हरिपाठ, एकादशीचं भजन सगळं पूर्वीसारखं चालू आहे आणि ती माझ्यापेक्षा कितीतरी सावरलेली दिसते. मी बेंगळूरला नोकरी करतो, देव मानत नाही, रात्री दोन-तीन वाजेपर्यंत झोप लागत नाही. त्यात आत्या म्हणते, सौंदत्तीच्या यल्लम्मादेवीचा मान चुकवला म्हणून घरावर हे आलं. श्रद्धा असलेली माणसं खरंच सुखी असतात, की स्वतःची समजूत घालत असतात? आणि श्रद्धाच नसेल तर माझ्यासारख्यानं काय करायचं?"

सरळ उत्तर आधी देते, मग सविस्तर सांगते. हो, श्रद्धेचा मनाला आधार होतो. पण तो सगळ्यांना होत नाही, प्रत्येक तऱ्हेच्या श्रद्धेचा होत नाही, आणि होतो तेव्हा बहुतेक वेळा आपण समजतो त्या वाटेनं होत नाही. बेळगावात मानसोपचार करायला लागून मला चोवीस वर्षं झाली. एवढ्या काळात एक गोष्ट पक्की पटली आहे. दुःखात माणसाला एकटं पडू देत नाही ती श्रद्धा बरं करते, आणि माणसाला एकटं पाडते ती आजारी करते. देव तोच असतो. कधीकधी घरही तेच असतं.

आमच्या भागात डिप्रेशन झालेली बाई "मला उदास वाटतंय" म्हणत येत नाही. छातीत भरून आल्यासारखं होतंय, डोस्कं जड पडतंय, हातापायांची आग होते, अन्न गोड लागत नाही, असं सांगत येते. ईसीजी झालेला असतो, रक्त तपासलेलं असतं, सगळं नॉर्मल. मी ऐकत राहते. मग दहा-पंधरा मिनिटांनी पदर सारखा करत ती खरं दुखणं सांगते: "देवात मन लागंना झालंय बघा डॉक्टर." हे वाक्य मी वडगावच्या विणकर घरातून ऐकलंय, निपाणीच्या विडी वळणाऱ्या मावशींकडून ऐकलंय, बैलहोंगलकडच्या कन्नड बोलणाऱ्या आजींकडूनही ऐकलंय. आमच्या पुस्तकांत या लक्षणाला आनंद घेण्याची शक्ती आटणं म्हणतात. या बायकांच्या दिवसात स्वतःचा म्हणावा असा वेळ एकच असतो, देवापुढचा. त्याचीही गोडी गेली म्हणजे आजार खोलवर पोचला.

म्हणून तुमच्या आईबद्दल पहिली गोष्ट ही की ती दिवा लावते, देवळात जाते, हे तब्येतीचं चांगलं लक्षण आहे. ती समजूत घालत असेल-नसेल, तिचं मन अजून कशात तरी लागतंय, हे माझ्या दृष्टीनं मोठं आहे. जेव्हा ती "आज नको, बरं वाटंना" म्हणत ओळीनं दोन आठवडे भजन चुकवेल, तेव्हा मात्र मला दाखवायला आणा.

आता अभ्यास काय सांगतात ते. २००३ साली तीन अमेरिकन संशोधकांनी १४७ अभ्यास एकत्र करून पाहिले, जवळजवळ ९९,००० माणसांची माहिती होती. धार्मिक माणसांत उदासीनतेची लक्षणं कमी आढळली, पण हा संबंध अगदी बारीक होता, शून्य ते एकच्या पट्टीवर जेमतेम ०.१. म्हणजे देव मानला की माणूस सुखी झाला, असं गणित मांडताच येत नाही. मात्र ज्यांच्यावर नुकतंच मोठं संकट कोसळलं होतं, त्यांच्यात हा संबंध जास्त ठळक दिसला. मला हे अगदी पटतं. छत्री पावसातच कामाला येते.

दुसरा अभ्यास २०१०चा, तुमच्या प्रश्नाशी याचा जास्त संबंध आहे. समाजशास्त्रज्ञ चेयून लिम आणि राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पुटनम यांनी शोध घेतला की चर्चला जाणारे लोक जास्त समाधानी असतात ते नेमके कशामुळे. दर आठवड्याला जाणाऱ्या आणि तिथे तीन ते पाच जवळचे मित्र असलेल्या लोकांपैकी ३३ टक्के लोकांनी आपण आयुष्यात अत्यंत समाधानी असल्याचं सांगितलं. तितक्याच नेमानं जाणारे, पण तिथे जवळचं कुणी नसलेले लोक पाहिले तर हा आकडा १९ टक्क्यांवर येतो. घरी एकट्यानं केलेल्या प्रार्थनेचा समाधानाशी तसा संबंध दिसला नाही. अमेरिकेतल्याच ८९,७०८ नर्सेसच्या पाहणीत आठवड्याला एकदा तरी चर्चला जाणाऱ्या बायकांमध्ये आत्महत्येचं प्रमाण न जाणाऱ्यांच्या सुमारे एक पंचमांश निघालं. या पाहण्या बहुतेक ख्रिस्ती, सुस्थितीतल्या माणसांच्या आहेत आणि त्या जशाच्या तशा खानापूरला लावता येणार नाहीत, हे मान्य. पण आपल्याकडचंही एक उदाहरण आहे. प्रयागच्या माघ मेळ्यात महिनाभर थंडीत, गर्दीत, गोंगाटात राहणाऱ्या कल्पवासींची आधी आणि मेळ्यानंतर महिन्याभरानं तपासणी झाली. गावातच राहिलेल्या लोकांच्या तुलनेत त्यांची तब्येत आणि मन दोन्ही सुधारलेली आढळली. सौंदत्तीच्या डोंगरावर पुनवेच्या गर्दीत रात्र काढून आलेल्या माणसांचे चेहरे ज्यानं पाहिलेत, त्याला याचं नवल वाटणार नाही.

भजन, सप्ताह, यात्रा यांतून माणसं मिळतात. पण "माणसं मिळतात" एवढं म्हटल्यानं काहीच कळत नाही. मी पाहिलेली एक गोष्ट सांगते. (या उत्तरातल्या सगळ्या पेशंटचे तपशील ओळख पटणार नाही इतपत बदललेत.)

फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले एक गृहस्थ माझ्याकडे यायचे. बायको जाऊन सात-आठ महिने झालेले. मुलगा घेऊन यायचा. ते खुर्चीत ताठ बसायचे, विचारलेल्या प्रश्नाला "ठीक आहे" एवढंच उत्तर. रात्री दीडला जाग यायची ती उजाडेपर्यंत. गोळ्यांनी भूक सुधारली, वजन थोडं वाढलं, पण ती दीड ते पाचची वेळ काही सुटेना. त्या वर्षी त्यांच्या गावात ज्ञानेश्वरी पारायणाचा सप्ताह होता आणि मुलाच्या आग्रहावरून मी एका संध्याकाळी गेले. सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत, हे तुम्हाला माहीत असेलच. दोन-दोन तासांचे पहारे लावतात. मांडवाच्या खांबाला एक काळा फळा टांगलेला, त्यावर खडूनं वेळा आणि नावं. मी सहज वाचत गेले. रात्री दोन ते चार, यांचं नाव. नंतर मुलगा म्हणाला, कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. मंडळाच्या म्हाताऱ्यांनी आपापसात ठरवलं, ह्यांना रात्री झोप नसते, मग तो पहारा ह्यांनाच देऊया.

पुढच्या खेपेला सुभेदार पहिल्यांदा स्वतःहून बोलले. दोन वाजता आधीच्या पहारेकऱ्यानं वीणा त्यांच्या गळ्यात घातली, मग रिवाजाप्रमाणे दोघं एकमेकांच्या पाया पडले. समोरचा माणूस त्यांच्याच शाळेतला, तीस वर्षं नीट बोलणं नव्हतं. नंतर दोन तास उभं राहायचं, तार छेडत नाव घ्यायचं, समोर समई, शेजारी कोपऱ्यात घोंगडं पांघरून दोन पोरं झोपलेली. "मॅडम, पहारा काय असतो ते मला शिकवायला लागलं नाही," ते म्हणाले. "पण सर्व्हिसमध्ये पहारा दुसऱ्यासाठी करत होतो. हे माझ्यासाठी इतक्या जणांनी केलं." झोप लगेच आली नाही. दीड वाजता जाग येत राहिली आणखी महिनाभर. पण ती वेळ आता भकास राहिली नव्हती, त्या वेळेत सात दिवस ते कुणाच्या तरी उपयोगी पडले होते. त्यांचा देवावर विश्वास किती, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

शरीराचीही एक बाजू आहे. इटलीतल्या संशोधकांनी २००१ साली २३ निरोगी माणसांना जपमाळेची लॅटिन प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे' हा मंत्र म्हणायला लावून श्वास आणि रक्तदाब मोजला. दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला साधारण सहावर आला आणि हृदय-रक्तदाबाचा ताळमेळ सुधारला. चाल लावून, पावली घालत म्हटलेला हरिपाठ मोजलेला माझ्या पाहण्यात नाही. पण लांब ओळ एका श्वासात म्हणायची, मग समोरची रांग म्हणेपर्यंत थांबायचं, ही रचना श्वास लांबवणारीच आहे. चिंतेच्या पेशंटला मी जो श्वास शिकवायला पाऊण तास घालवते, तो तुमची आई रोज संध्याकाळी घेते.

आणखी एक कारण फक्त आपल्या सीमाभागाचं आहे, आणि इथल्या डॉक्टरला ते डोळ्याआड करता येत नाही. १९५६पासून इथल्या मराठी माणसाचा रोजचा व्यवहार दुसऱ्या भाषेत चालतो. अर्ज, पाटी, बसचा बोर्ड, सातबाऱ्याच्या जागी पहाणीपत्रक. दोन्ही भाषा बोलणं आपल्याला जड जात नाही, पण आपलं सगळ्यात आतलं दुःख माणूस आईच्या भाषेत सांगतो. भजनाची बैठक ही ती जागा आहे जिथं कुणालाच भाषांतर करावं लागत नाही. वयस्क मराठी पेशंट हरिपाठाला इतके का धरून असतात, यात ही गोष्टही आहे असं माझं मत आहे. आणि याच्या बरोबर उलट, यल्लम्माच्या डोंगरावर "उदं गं आई उदं" म्हणताना शेजारचा कन्नड बोलतोय की मराठी, हे कुणी पाहत नाही. दोन्हींनी बरं वाटतं.

व्यसनाच्या बाबतीत माळ घालणं हे आपल्याकडचं मोठं औषध आहे, हे मी कॉन्फरन्समध्येही सांगते. दारू सोडणाऱ्याला सगळ्यात अवघड जाते ती संध्याकाळ. जुनी संगत सुटते आणि नवी नसते. माळ घातली की सात वाजता जायला जागा असते, तिथं दारूचा वास आला तर लगेच ओळखणारी माणसं असतात. पण एक धोका कळकळीनं सांगायचा आहे. वर्षानुवर्षं रोज पिणारा माणूस एकादशीला माळ घालतो आणि त्याच दिवशी एकदम बंद करतो. दुसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात तो भिंतीवर किडे पाहतो, मेलेल्या माणसांशी बोलतो, घरच्यांना ओळखत नाही. घरचे म्हणतात, माळेनं भूत बाहेर काढलं, आणि त्याला देवऋष्याकडे नेतात. ही दारू अचानक तुटल्याची अवस्था आहे आणि यात माणूस दगावतो. माळ जरूर घाला. आधी आठवडाभर डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारू उतरवा, थायमिनची (ब१ जीवनसत्त्वाची) इंजेक्शनं घ्या, मग घाला. तसंच मनाच्या चढउताराच्या आजारासाठी लिथियमच्या गोळ्या चालू असलेल्यांनी निर्जळी उपवास किंवा रोजे करण्याआधी डॉक्टरांना विचारावं. पाणी कमी पडलं की ते औषध रक्तात विषारी पातळीला जातं.

आता आत्याच्या बोलण्याकडे येते. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात जास्त टोचलेलं वाक्य ते आहे.

केनेथ पार्गामेंट या मानसशास्त्रज्ञानं आयुष्यभर हाच विषय अभ्यासला. संकटात काही माणसं देवाला सोबती करतात आणि काहींना वाटतं की देव शिक्षा करतोय, देवानं टाकलं. त्यांच्या गटानं रुग्णालयात दाखल असलेल्या ५५ वर्षांवरच्या ५९६ रुग्णांचा दोन वर्षं मागोवा घेतला. "देवानं मला सोडून दिलं का" असं मनात येणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका २८ टक्क्यांनी जास्त निघाला, आजाराची तीव्रता वगैरे धरूनसुद्धा. हा अभ्यास २००१चा आहे. म्हणजे कोपाची भीती ही नुसती मनाला लागणारी गोष्ट नाही.

सौंदत्तीचंच उदाहरण घ्या. मार्गशीर्षातल्या पुनवेला आपल्याकडे रांडाव पुनव म्हणतात. त्या दिवशी देवी विधवा झाली असं मानतात, बांगड्या फोडण्याची रीत आहे. पुढे अहेव पुनवेला ती पुन्हा सवाष्ण होते. नवरा गेलेल्या एका तरुण बाईनं मला सांगितलं होतं, "सगळी म्हणाली, तुझं नशीब फुटकं. डोंगरावर गेले तवा वाटलं, आईचं पण कुंकू गेलं की. ती काय नशिबाची फुटकी हाय?" तिचं रडणं महिन्याभरानं हलकं झालं ते माझ्या गोळीनं की त्या पुनवेनं, मला सांगता येणार नाही. दोन्हींनी, असं मी धरते. त्याच देवीच्या नावानं आत्या तुमच्या आईला सांगते की मान चुकला म्हणून नवरा गेला. पहिल्या बाईच्या शेजारी देवी येऊन बसली. आत्याची देवी तुमच्या आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करते. आणि याच देवीच्या नावानं लहान मुली सोडल्या जात होत्या, ते थांबवायला कर्नाटकाला १९८२ साली देवदासी प्रतिबंधक कायदा करावा लागला. रांडाव पुनवेला बांगड्या फोडायला लागणाऱ्या त्या बायकांपैकी काही आजही माझ्याकडे येतात, साठी-सत्तरीच्या. त्यांना त्या दिवसानं धीर दिलेला नाही. श्रद्धेबद्दल चांगलं लिहिताना त्यांना विसरून चालणार नाही.

आईशी एकदा एकांतात बोला. "आत्या म्हणते ते तुला खरं वाटतं का?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. ती हसून उडवून लावेल तर बरं. ती रडायला लागली, किंवा "माझ्यामुळंच झालं" म्हणाली, तर मग तो हरिपाठ आधाराचा आहे की दंड भरण्याचा, हे पाहावं लागेल. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. सौंदत्तीला जायचं तिच्या मनात असेल तर न्या तिला. मान द्यायला जाऊ नका, अप्पांची आठवण घेऊन जा. हा फरक तिला शब्दांत सांगितला तरी चालतो.

दुसरं एक रूप मी दर आठवड्याला पाहते. शहापुरातली तिशीची शिक्षिका, हाताची कातडी भेगाळून रक्त येतंय. दिवसात चाळीस-पन्नास वेळा हात धुते. कारण विचारलं तर तासभर सांगेना. शेवटी खाली मान घालून म्हणाली, "देवापुढं उभी राहिले की डोक्यात घाण शब्द येतात. देवीबद्दल. मी इतकी वाईट आहे." हा मंत्रचळ आहे, मेंदूचा आजार आहे. असे विचार बहुतेक सगळ्यांच्या डोक्यात क्षणभर चमकून जातात. मंत्रचळाच्या माणसात ते अडकतात, आणि ज्या गोष्टीबद्दल त्याला सगळ्यात जास्त प्रेम आहे नेमके तिथंच अडकतात. आईवर जीव असलेल्याला आईला सुरी मारल्याचे विचार येतात, भक्ताला देवाबद्दल घाण विचार येतात. तिला कुणीतरी अकरा मंगळवार सांगितले होते, नंतर एकवीस. प्रत्येक नेमानं आजार वाढत गेला, कारण नेम चुकला की पुन्हा पहिल्यापासून. तिला औषध दिलं, आणि विचार आला तरी हात न धुता देवापुढं बसून राहण्याचा सराव करवला, आधी दोन मिनिटं, मग पाच. तिच्या ओळखीच्या एका वयोवृद्ध पुजाऱ्यांना मी विनंती केली. ते तिला म्हणाले, "पोरी, देवी काय डोक्यातली घाण मोजत बसलीय? तू ये आणि बस." माझ्या दहा सेशनचं काम त्या एका वाक्यानं सोपं केलं. अशी माणसं देवळात आणि मठात असतात, आम्ही डॉक्टर त्यांना शोधत नाही, ही आमची चूक आहे.

देवऋषी, अंगारा, बाधा याबद्दल थोडक्यात. पेशंट माझ्याकडे येतो तेव्हा त्याच्या खिशात अंगाऱ्याची पुडी असतेच. मी ती काढून टाकायला सांगत नाही. तमिळनाडूतल्या एका मंदिरात येऊन राहिलेल्या ३१ मनोरुग्णांचा अभ्यास बेंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनी २००२ साली प्रसिद्ध केला. तिथं खास विधी नव्हते. माणसं सरासरी सहा आठवडे राहायची, देवळाची झाडलोट, पाणी घालणं अशी कामं करायची, घरचं एक माणूस सोबत असायचं, कुणी हिणवत नसे. त्यांची लक्षणं सुमारे २० टक्क्यांनी कमी झाली. पण त्याच राज्यात एरवाडीला दर्ग्याजवळच्या एका आश्रमात ६ ऑगस्ट २००१ला आग लागली आणि साखळदंडानं बांधलेले २८ रुग्ण जळून मेले. आता २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं मनोरुग्णाला साखळी घालायला बंदी आहे, मग ती देवळात असो की घरात. कानात आवाज ऐकू येणारा, भिंतीशी बोलणारा, आठवडाभर न झोपलेला पोरगा असेल तर त्याला देवाकडे न्या आणि त्याच आठवड्यात डॉक्टरकडेही आणा. माझ्याकडच्या एका आईनं गोळ्यांची पाकिटं देव्हाऱ्यातच ठेवली. संध्याकाळी दिवा लावायचा, अंगारा लावायचा, मग गोळी. पाच वर्षं झाली, एकदाही गोळी चुकली नाही. कुठल्याही अलार्मनं हे जमलं नसतं.

राहता राहिलात तुम्ही. चौदा महिन्यांनंतरही रोज दोन-तीनपर्यंत झोप नसणं, याला मी नुसतं "वेळ जाऊ दे" म्हणणार नाही. बेंगळूरलाच एकदा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. रात्री फार जड जात असेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. झोप लागत नाही म्हणून कुणा मित्राच्या गोळ्या घेऊ नका, आणि पिऊन झोपू नका.

श्रद्धा नाही याचा अपराध वाटून घेऊ नका. ती ठरवून आणता येत नाही, आणि आईला बरं वाटावं म्हणून देवापुढं नाटक केलंत तर तिला ते पहिल्या मिनिटात कळेल. ज्यांना देव नाही आणि तरी शोकातून उभे राहिले असे कितीतरी लोक मी पाहिलेत. त्यांच्यापाशी तालीम होती, नाटकाचा ग्रुप होता, वाचनालयातली रोजची बाकं होती, पाण्यासाठीची चळवळ होती. आठवड्यातून ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, आपण नाही आलो तर चौकशी करतील अशी माणसं. बेंगळूरच्या फ्लॅटमध्ये तुमच्याकडे नेमकं हेच नाही, असा माझा अंदाज आहे. आईकडे ते आहे. तुम्हाला दिसलेला फरक बराचसा इथून येतो. अप्पांचं दुःख तिच्यासोबत पंचवीस-तीस माणसं वाटून घेतात, तुम्ही ते लॅपटॉपसमोर एकट्यानं धरून बसलात.

गावी गेलात की एकादशीला आईबरोबर देवळात जा. हात जोडावेसे वाटले नाहीत तर जोडू नका. मागच्या रांगेत बसा. अप्पांचे टाळ खुंटीवरून काढून बरोबर न्या, वर्षभर लटकून त्यांची दोरी विरली असेल, ती बदलून घ्या. तुम्हाला वाजवता येत नसतील तर शेजारच्याला द्या, तो अप्पांबद्दल काहीतरी बोलेलच, ते ऐका. तुम्हाला माहीत नसलेले अप्पा त्या लोकांना माहीत आहेत.

आणि या वर्षी गावचा सप्ताह कधी आहे ते आईला विचारून ठेवा. रजा आधीच टाका. पहाऱ्याच्या फळ्यावर रात्री दोन ते चारला माणूस कायम कमी पडतो.